उधळपट्टी कोणाची, साधेपणा कोणाचा?

१

हार्बर मार्गावर नेरूळ आणि बेलापूर यांच्यामध्ये जे स्टेशन लागते त्याच्या नावात सीवूड्स आणि दारावे हे दोन्ही शब्द आहेत. दारावे हे गावाचे नाव. आगरी-कोळ्यांचे, भातखाचरांचे आणि मिठागरांचे जुने गाव. सीवूड्स हे नाव नंतर आलेल्या वसाहतीचे. स्टेशनाच्या डोक्यावरच एक भव्य मॉल उभा आहे. गाडीतून उतरलेला माणूस जिना चढला की थेट काचेच्या दुकानांत जातो. पलीकडे पाम बीच रस्ता, त्यापलीकडे खाडी आणि हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी. सकाळी सात-साडेसातला या स्टेशनावर उतरणाऱ्या बायकांच्या गर्दीत घरकाम करणाऱ्या पुष्कळजणी असतात. त्यांच्यापैकी एकीच्या बाबतीत घडलेला प्रसंग या लेखाचे निमित्त आहे.

आमच्या इमारतीत चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या एका बाईची मुलगी दहावी झाली. बाई आपल्या समाजातल्या, मूळच्या मराठवाड्यातल्या. मुलगी पास झाली त्या संध्याकाळी त्या तिला आणि शेजारच्या चार पोरींना घेऊन मॉलमध्ये गेल्या. पोरींनी पिझ्झा खाल्ला, केक कापला. मुलीला एक नवा ड्रेस घेतला. सगळा मिळून तीन हजारांच्या आसपास खर्च आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाच्या घरी पेढे दिले आणि सहज ही हकिकत सांगितली. तेथील मालकीणबाई मनाने वाईट नाहीत. पण त्या म्हणाल्या, “मावशी, एवढी उधळपट्टी कशाला? अंथरूण पाहून पाय पसरावेत. साधेपणाने राहिलात तर चार पैसे गाठीला राहतील.”

जिन्यात मला भेटल्यावर बाई म्हणाल्या, “सर, मागच्या वर्षी ह्यांच्या नातवाचा पयला वाढदिवस झाला. दोनशे मानसं जेवली हाटेलात. दुसऱ्या दिवशी ती फुलं मीच गोळा केली. तवा ह्यांना कुनी म्हनलं का, अंथरूण बघा म्हनून?”

या प्रश्नाचे उत्तर मी जिन्यात देऊ शकलो नाही. ‘त्यांच्याकडे आहे, म्हणून ते करतात’ हे उत्तर तोंडावर आले होते, पण ते उत्तर नव्हे, हे मला तत्क्षणी जाणवले. कारण मग उधळपट्टी हा शब्द खर्चाला लागत नाही, माणसाला लागतो, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या दोन शब्दांचा नीट विचार करावा असे मला वाटते. कारण हे दोन्ही शब्द आपल्यावर शतकानुशतके चालवले गेले आहेत आणि आता आपणही ते एकमेकांवर चालवू लागलो आहोत.

२

प्रथम शब्दच पाहू. उधळणे म्हणजे विखरून टाकणे. गुलाल उधळतात, भंडारा उधळतात. जनावर उधळते तेव्हा ते आवरेनासे होते. म्हणजे उधळपट्टीच्या अर्थात दोन गोष्टी आहेत : वस्तू परत गोळा करता येणार नाही अशी टाकणे, आणि स्वतःला आवर नसणे. खर्च मोठा असला म्हणजे तो उधळपट्टीचा होतो असे या शब्दात कोठेही नाही. मुलाच्या शिक्षणासाठी शेत विकणारा बाप मोठा खर्च करतो, पण तो उधळ्या नसतो. रोज शंभर रुपये मटक्यावर लावणारा लहान खर्च करतो, पण तो उधळ्या असतो.

साधेपणाचेही तसेच आहे. साधा म्हणजे ज्यात भेसळ नाही, आडपडदा नाही, अवडंबर नाही. साधेपणा हा माणसाच्या वृत्तीचा गुण आहे. त्याच्या आसपास तीन-चार शब्द वावरतात आणि ते त्याच्यात सतत मिसळले जातात. काटकसर हे एक कौशल्य आहे : आहे त्यात भागवण्याचे. कंजूषपणा हा दोष आहे : असून न वापरण्याचा. दारिद्र्य ही स्थिती आहे : नसण्याची. आणि पायरीने राहणे ही आज्ञा आहे : दुसऱ्याने नेमून दिलेल्या जागी राहण्याची. पैकी शेवटच्या दोहोंना साधेपणा म्हणणे ही भाषेतली फसवणूक होय. ज्याच्या घरी एकच धोतर आहे तो साधा राहतो असे म्हणता येत नाही, कारण त्याला दुसऱ्या प्रकारे राहताच येत नाही. साधेपणाला पर्याय लागतो. जेथे पर्याय नाही तेथे साधेपणाही नाही, तेथे फक्त अभाव असतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण शहाणपणाची आहे, यात शंका नाही. परंतु ती एक प्रश्न गृहीत धरून पुढे जाते. अंथरूण कोणी घातले? ज्याने स्वतःचे अंथरूण स्वतः विणले त्याला ही म्हण सांगणे योग्य आहे. ज्याचे अंथरूण दुसऱ्याने कापून आखूड केले त्याला ही म्हण सांगणे म्हणजे पाय कापून घ्यायला सांगणे होय.

३

हे अंथरूण कापण्याचे काम आपल्या देशात कायदा करून झाले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, मृतांची वस्त्रे अंगावर घालावीत, लोखंडाचे अलंकार वापरावेत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात शूद्राला सामर्थ्य असले तरी त्याने धनसंचय करू नये, कारण धनवान शूद्र ब्राह्मणांना त्रास देतो, असेही सांगितले आहे. येथे ‘शूद्राची ऐपत नाही’ असे म्हटलेले नाही, हे नीट लक्षात घ्यावे. ऐपत असली तरी नको, असे म्हटले आहे. म्हणजे दारिद्र्य हे येथे परिस्थितीचे फळ नसून नियम आहे.

हा नियम पोथीतच राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. १९२८ साली इंदूर संस्थानातील काही गावांतल्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांसह, बलाई समाजाला अटी घातल्या. पुरुषांनी जरीकाठी पागोटी बांधू नयेत, रंगीत काठांची धोतरे नेसू नयेत. स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, नक्षीदार झगे किंवा चोळ्या घालू नयेत. हीच यादी पुढे सांगते की, बलाईंनी मोबदला न मागता सेवा करावी आणि जे दिले जाईल ते घ्यावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात ही हकिकत सविस्तर दिली आहे. दागिन्यांची बंदी आणि बिनमोबदल्याची मजुरी एकाच यादीत का यावी? कारण अंगावर सोने असलेला माणूस फुकट राबत नाही. त्याच्याजवळ चार दिवस घरी बसण्याइतकी शिल्लक आहे, हे ते सोने सांगत असते. गरिबाचा दागिना हीच त्याची बँक असते. तो दागिना काढून घेतला की तो उद्या सकाळी कामावर येणारच.

तमिळनाडूतील रामनाड जिल्ह्यात १९३० साली कल्लरांनी तेथल्या अस्पृश्यांवर आठ बंधने घातली आणि १९३१ साली ती अकरा केली. सोन्या-चांदीचे दागिने नकोत, गुडघ्याखाली येणारे वस्त्र नको, छत्री नको, वहाणा नकोत, पाण्यासाठी धातूची भांडी नकोत, मातीची चालतील. आणि याच यादीत, मुलांनी लिहायला-वाचायला शिकू नये. छत्री आणि अक्षर यांना एकाच रांगेत बसवणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक होते.

जयपूर संस्थानातील चकवारा गावची १९३६ ची गोष्ट तर आपल्या विषयाच्या गाभ्याचीच आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने गावातील आपल्या जातबांधवांना जेवण दिले आणि पंक्तीत तूप वाढले. जेवण चालू असतानाच शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले. त्यांनी अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. तूप यजमानाच्या पैशाचे होते, खाणारे त्याच्या जातीचे होते. त्यात सवर्णांचे काय गेले? तूप खाणे हे त्यांच्या लेखी श्रीमंतीचे नव्हे, तर दर्जाचे लक्षण होते. या पंक्तीला ते उधळपट्टी म्हणाले नसतील, उद्धटपणा म्हणाले असतील. पण हे दोन शब्द एकाच कुळातले आहेत. वरच्याने केला तर खर्च, बरोबरीच्याने केला तर हौस, खालच्याने केला तर उधळपट्टी, आणि त्याहून खालच्याने केला तर माज.

‘विनय’ या शब्दाचीही हीच गत आहे. स्त्रीच्या संदर्भात आपण विनय म्हणजे अंग झाकणे समजतो आणि कायद्यातही विनयभंग हा शब्द आहे. परंतु त्रावणकोर संस्थानात एकोणिसाव्या शतकात नाडर स्त्रियांनी वरच्या जातींसमोर छाती उघडी ठेवणे हाच विनय मानला जात होता. त्यांनी अंग झाकणे हा अविनय ठरे, आणि त्यासाठी त्यांच्यावर हल्ले झाले. प्रदीर्घ संघर्षानंतर १८५९ साली संस्थानाने त्यांना अंग झाकण्याची मुभा दिली, पण तीही वरच्या जातीच्या स्त्रियांसारखे नेसायचे नाही या अटीवर. एकच कृती एका स्त्रीच्या बाबतीत शील आणि दुसरीच्या बाबतीत उद्दामपणा ठरते, तेव्हा ती मूल्ये नीतीची नसतात. ती मालकीची असतात.

हे सर्व जुने झाले असे ज्यांना वाटते त्यांनी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेली दुरुस्ती वाचावी. सायकल किंवा मोटारसायकलवर बसण्यास, सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास वा वरातीत घोड्यावर बसण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे, असे त्या दुरुस्तीत लिहावे लागले. एकविसाव्या शतकातल्या संसदेला ‘नवे कपडे’ हे शब्द कायद्यात घालावे लागतात याचा अर्थ उघड आहे. २०१८ साली उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावात एका दलित नवरदेवाची वरात निघाली ती महिनोन्‌महिने अर्ज-विनंत्या केल्यावर आणि पोलिसांच्या बंदोबस्तात. त्या घोड्यावर किती पैसे खर्च झाले असे त्या दिवशी विचारणारा माणूस हिशेबी असेल, पण शहाणा नव्हे.

४

गरिबाला उधळ्या ठरवण्याचा आणखी एक उपयोग असतो. त्याच्या दारिद्र्याचा दोष त्याच्याच माथी मारता येतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. तेव्हा राज्यकर्त्यांत आणि शहरी सुशिक्षितांत एक मत प्रचलित होते की, कुणबी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो. गंमत अशी की, सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने हे मत पुरते मान्य केले नाही. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, वाढवलेला सारा, आणि सावकाराच्या हाती कोर्टाने दिलेली सत्ता ही कारणे हळदीकुंकवाच्या खर्चापेक्षा फार मोठी होती.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच आरोपाचा समाचार घेतला आहे. शेतकऱ्याच्या लग्नात प्रत्यक्षात काय असते आणि काय नसते, हे त्यांनी पंक्तीतल्या पदार्थांपर्यंत खाली उतरून सांगितले. येथे कोणी विचारील की, मग फुल्यांनीच कमी खर्चाच्या लग्नाचा पुरस्कार का केला? २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिले सत्यशोधक लग्न अत्यंत थोड्या खर्चात लागले. यात विसंगती नाही. पहिल्या ठिकाणी फुले शोषकाला सांगतात की, तुझ्या लुटीचा दोष आमच्या लग्नावर ढकलू नकोस. दुसऱ्या ठिकाणी ते आपल्या माणसांना सांगतात की, जो पैसा भटजीच्या दक्षिणेत जातो तो तुमच्या घरात राहू द्या. बाहेरून आलेला आरोप नाकारणे आणि आतून सुधारणा करणे ही एकाच माणसाची दोन कामे असू शकतात. किंबहुना ती असलीच पाहिजेत.

हाच जुना आरोप या नव्या शहरातही ऐकू येतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात आंदोलन करणाऱ्या भूमिपुत्रांवर गोळीबार झाला आणि पाचजण मेले. त्यानंतर साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. ज्यांच्या मिठागरांवर हे रस्ते आणि टॉवर उभे आहेत त्या माणसांविषयी आज वसाहतीत काय बोलले जाते? “ह्यांनी सगळा पैसा सोन्यात आणि हळदीत उडवला.” आगऱ्यांच्या हळदी मोठ्या असतात हे खरे आहे आणि त्या समाजातही त्याविषयी बोलले जाते, बोलले गेले पाहिजे. पण पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देणारी जमीन घेऊन एकदाच संपणारी रक्कम हातात ठेवणाऱ्या व्यवहाराला उधळपट्टी कोणी म्हणत नाही. हळदीच्या मांडवाला म्हणतात.

५

आता एक तुलना करू. आपल्या चळवळीत ती वारंवार होते, पण बहुधा अर्धीच होते.

सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला गांधीजींनी पंचा नेसण्याचे ठरवले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला ते त्याच वेषात लंडनला गेले. त्याच परिषदेत बाबासाहेब सुटाबुटात होते. आपल्याकडे पुष्कळ दिवस पहिल्या वेषाला साधेपणा आणि दुसऱ्याला साहेबी थाट म्हटले गेले. गांधीजींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु संस्थानाच्या दिवाणाच्या घरात जन्मलेल्या बॅरिस्टराने सूट उतरवणे हा त्याग होतो, कारण त्याच्या अंगावर सूट होता. महाराने पंचा नेसला असता तर तो त्याग झाला नसता. तो त्याचा नेमलेला वेष होता. त्याला कोणी महात्मा म्हटले नसते, फक्त ‘पायरीने राहतो’ म्हटले असते.

ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतःपुरती ठेवली नाही. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत, जेथे मनुस्मृती जाळली गेली, तेथे त्यांनी स्त्रियांसमोर भाषण केले. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, गळ्यातल्या त्या जाड माळा आणि कोपरापर्यंतची कथलाची, चांदीची कडी-गोठ काढा, कारण ती अस्पृश्यतेची ओळख आहे, असा त्याचा आशय होता. त्या परिषदेनंतर नेसण्याची पद्धत बदलू लागली. आता विचार करा. दागिने कमी करा म्हणणे हा साधेपणाचा उपदेश झाला. लुगडे पायघोळ नेसा म्हणणे म्हणजे अधिक कापड, अधिक खर्च. म्हणजे एकाच भाषणात कमी करा आणि जास्त करा असे दोन्ही सांगितले आहे. यात गोंधळ नाही, कारण मोजमाप पैशाचे नव्हतेच. जी वस्तू गुलामीची खूण आहे ती स्वस्त असो वा महाग, टाका. जी वस्तू माणूसपणाची खूण आहे ती महाग असली तरी घ्या.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पुन्हा फुल्यांचे आहे. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीला बडी मंडळी जडजवाहीर घालून आली होती. जोतीराव तेथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरी रयत या झगमगाटात दिसत नाही, हे त्यांनी पाहुण्याला बजावले. फुले यशस्वी कंत्राटदार होते, चांगले कपडे त्यांच्यापाशी होते. त्यांनी फाटका वेष निवडला आणि बाबासाहेबांनी उंची सूट निवडला. पण दोघांनी केले एकच. समोरच्याने ज्या रूपाची अपेक्षा केली होती ते रूप त्यांनी नाकारले. दरबारात फुल्यांकडून शोभिवंत होण्याची अपेक्षा होती. सभेत अस्पृश्याकडून दीन होण्याची अपेक्षा होती. म्हणून वेष साधा की भपकेबाज हे कापडावरून ठरत नाही. तो कोठे, कोणासमोर आणि कोणाच्या वतीने घातला आहे यावरून ठरते.

बाबासाहेबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तरुणांनी विसरू नये. न्यूयॉर्क आणि लंडन येथे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी दिवस काढले आणि जुन्या बाजारातून पुस्तके मात्र ढिगांनी घेतली. १९१७ साली परतताना स्वतंत्र बोटीने पाठवलेला त्यांचा पुस्तकसंग्रह ती बोट पाणतीराने बुडाल्यामुळे गेला. त्यांनी पुन्हा जमवला. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. व्यवहारी माणसाच्या हिशेबाने ही उधळपट्टीच. घरात रमाबाई काटकसर करीत असता पुस्तकांवर पैसा घालवणे हा त्यांच्या आयुष्यातला ताण होता, तो आपण गोड करून सांगू नये. रमाबाईंनी सोसलेले कष्ट हा त्या ग्रंथांच्या किमतीचा भाग आहे. पण त्या खर्चातून जे आले त्यावर आज कोट्यवधी माणसे उभी आहेत.

६

मग कसोटी काय? बुद्धाने या प्रश्नाला हात घातला आहे. दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला त्याने जो उपदेश केला त्यात ‘समजीविता’ असा एक पालि शब्द येतो. आपली मिळकत आणि आपला खर्च ओळखून, तराजू धरणाऱ्याप्रमाणे समतोल जगणे, असा त्याचा अर्थ. थोडी मिळकत असून मोठा थाट करणारा हा उंबराचे झाड हलवून फळे खाणाऱ्यासारखा. खातो थोडी, नासतो फार. पण बुद्ध एवढ्यावर थांबत नाही. मोठी मिळकत असून हाल-अपेष्टांत जगणारा माणूसही त्याने दोषीच मानला आहे. सिगालाला केलेल्या उपदेशातही मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, एक अडीअडचणीसाठी. उपभोगाचा भाग त्यात आहे, आणि तो पहिला आहे. गृहस्थाने आनंद घेणे हे पाप, असे तेथे नाही. सुखविलास आणि देहदंड ही दोन्ही टोके बुद्धाने पहिल्याच प्रवचनात नाकारली होती. बाबासाहेबांनीही बुद्धाने दारिद्र्याचे उदात्तीकरण केले नाही, ही बाजू आवर्जून मांडली.

यातून आणि वरच्या सर्व उदाहरणांतून मला तीन प्रश्न सुचतात. कोणताही खर्च समोर आला की ते विचारावेत. पहिला : ही निवड कोणाची? माझी, की माझ्यावर कोणी लादलेली? लादलेले दारिद्र्य जसे साधेपणा नव्हे, तसा ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने केलेला थाट ही हौस नव्हे. दुसरा : याचे ओझे कोणाच्या पाठीवर? माझ्या कमाईवर, की बायकोच्या मंगळसूत्रावर, मुलीच्या फीवर, सासऱ्याच्या कर्जावर? तिसरा : या खर्चाने पुढची वाट उघडते की बंद होते?

हे प्रश्न दुसऱ्यांना विचारण्याआधी आपण स्वतःला विचारले पाहिजेत. धम्म स्वीकारताना आपण लग्नाचा विधी अगदी साधा केला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्रिशरण-पंचशील, पुष्पहार. भटजी गेला, मुहूर्त गेला, हुंड्यालाही आपण नकार दिला होता. आज नवी मुंबईतल्या हॉलमध्ये आपली लग्ने पाहा. विधी वीस मिनिटांचा आणि खर्च वीस वर्षांचा. हळद आली, संगीत आले, लग्नाआधीचे चित्रीकरण आले, आणि ‘मुलीला जे द्यायचे ते तुमच्या खुशीने’ या सभ्य वाक्यातून हुंडाही मागच्या दाराने आला. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, वरच्यांच्या रूढी खालच्या जातींत अनुकरणाने पसरतात. आपण भटजीला हाकलले आणि त्याच्या यजमानाचे अनुकरण चालू ठेवले.

जयंतीच्या डीजेविषयी बोलताना मात्र थोडे थांबले पाहिजे. ज्या रस्त्यावरून आपल्या आजोबाला वहाणा हातात घेऊन जावे लागत होते त्या रस्त्यावर नातू मोठ्याने वाजवत जातो, तेव्हा त्या आवाजात रस्त्यावरचा हक्क असतो. वसाहतीच्या बाल्कनीतून नाक मुरडणाऱ्याला तो कळत नाही, कारण त्याला रस्ता कधी नाकारला गेलेला नाही. हे मान्य करूनही मी विचारतो : वर्गणी भरणाऱ्या मजुराच्या एका दिवसाच्या रोजीतून एक रात्र वाजते, आणि विहारातल्या वाचनालयाच्या कपाटाला वर्षभर कुलूप असते, यात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काय येते? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माणसे पदरच्या पैशाने येतात, मैदानात झोपतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. त्या दिवसाचा खर्चही त्यांच्या ऐपतीच्या बाहेरचाच असतो. पण तो उधळला जात नाही. तो घरी जाऊन पुन्हा उगवतो.

७

त्या बाईंकडे परत येतो. चार-आठ दिवसांनी त्या पुन्हा भेटल्या तेव्हा मी त्यांना तिन्ही प्रश्न विचारले. उपदेश म्हणून नव्हे, मला समजून घ्यायचे होते म्हणून.

त्या म्हणाल्या, “अकरावीची फी मी मार्चातच बाजूला काढली हुती, सर. भिशीचे पैसे आले तवाच. तिला हात नाही लावला. हे तीन हजार म्हणजे दिवाळीला मला मिळालेलं बक्षीस. मी साडी नाही घेतली.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “रोज त्या मॉलखालनं जाते मी. पोरगी इचारायची, आई, आत काय असतं? म्हनलं, एकदा बघून घेऊ दे. म्हंजी कालेजात कुनी नाव काढलं तर तिला खाली बघाया नको.”

फी आधी, साडीवर पाणी, आणि मग पोरीचा एक दिवस. दीघजाणूला सांगितलेला तराजू या बाईंनी कधी ऐकलेला नाही, पण तो त्यांच्या हातात होता. मालकीणबाईंना जी उधळपट्टी दिसली तीत आवर होता, हिशेब होता आणि पुढची वाटही होती. दोनशे पानांच्या वाढदिवसात यांपैकी काय होते ते मला माहीत नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकार मी सांगत नाही. माझे म्हणणे एवढेच की, तो अधिकार त्यांनाही बाईंच्या बाबतीत नव्हता.

साधेपणा हे मोठे मूल्य आहे. ते आपल्याला हवे आहे आणि आपल्या लग्नांना, जयंत्यांना, घरांना त्याची आज फार गरज आहे. पण ते आपण आपल्या हाताने, आपल्या कारणासाठी आणि आपल्या पोरांच्या पुढच्या वाटेकडे पाहून घेतले पाहिजे. दुसऱ्याने शिकवलेला साधेपणा आपण दोन हजार वर्षे पाळला. त्याचे कपडे महाडला काढून ठेवले आहेत. ते पुन्हा अंगावर चढवायचे नाहीत, आणि त्यांच्या जागी शेजाऱ्याचा भाड्याचा शेरवानीही चढवायचा नाही.